जीर्णोद्धार आणि मातीखालचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार करणे ही आपल्याकडील फार जुनी चाल आहे. नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुने सावरण्याचे पुण्य अधिक, अशी लोकांची समजूत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. गाव वर्गणी काढते, दाते हात सैल सोडतात, मिस्त्री-मजूर कामास लागतात आणि पायासाठी चर खणला जातो. या चरात कधी हातभर लांबीच्या विटा निघतात, कधी कोरीव दगडाचा तुकडा, कधी राखेचा काळसर पट्टा, तर कधी नुसती खापरे. पुढे काय होते ते झाडीपट्टीतील कोणत्याही जुन्या गावी पाहून घ्यावे. विटा भरावात जातात. खापरे पांदणीच्या खड्ड्यात पडतात. कोरीव दगड मातामायीच्या शेजारी पिंपळाखाली ठेवून त्याला शेंदूर लावतात आणि खंडित मूर्ती वाजतगाजत नदीत सोडतात. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. उलट श्रद्धाच असते. परंतु गावाचा जो इतिहास कोणत्याही पोथीत लिहिलेला नाही, तो त्या चरातच होता आणि तो चर बुजला की परत वाचता येत नाही, एवढी गोष्ट जीर्णोद्धाराच्या उत्साहात ध्यानात राहत नाही.

हा मातीतला इतिहास वाचण्याचे जे शास्त्र, त्यास पुरातत्त्व म्हणतात. या शास्त्राविषयी खेड्यापाड्यांत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, पुरातत्त्वाची माणसे सोने-नाणे शोधीत हिंडतात. दुसरा असा की, पृथ्वीच्या पोटातील पुरातन प्राण्यांची हाडेही तीच माणसे काढतात. आपल्याच जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम येथे दगड झालेली झाडे व फार प्राचीन जीवांचे अवशेष सापडतात. तो अभ्यास भूगर्भशास्त्राचा व जीवाश्मशास्त्राचा. त्या काळी माणूस जन्मालाही आलेला नव्हता. पुरातत्त्वाचा संबंध माणसाशी आहे. माणसाने घडविलेले, वापरलेले, फेकलेले, पुरलेले जे काही मागे उरते, त्यावरून तो कसा राहिला हे ठरविणे हे त्याचे काम. त्यामुळे या शास्त्राच्या दृष्टीने सोन्याच्या पुतळीपेक्षा उकिरड्याची किंमत पुष्कळदा जास्त ठरते. पुतळी एकाच घरची असते, उकिरडा सगळ्या गावाचा.

जुनी वस्ती कोठे होती हे ओळखण्याची खूण आपल्या पूर्वजांना पुरातत्त्वाचे नावही ठाऊक नव्हते तेव्हापासून माहीत आहे. जुन्या कागदांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे शब्द येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात, चुलीची राख, शेणसारवण, गुरांचे मलमूत्र शेकडो वर्षे त्याच जागी मुरत राहते, आणि मातीचा रंग फिकट, राखट होतो. जागाही भोवतालच्या शेतांपेक्षा उंच होते. झाडीतील जमीन वऱ्हाडासारखी काळीभोर नाही हे खरे. तरीसुद्धा रेताड बांधीच्या कडेला असे राखट टेकाड उठून दिसते. महाराष्ट्रातील संशोधकांनी कितीतरी प्राचीन स्थळे ‘पांढरीचे टेकाड कोठे आहे?’ एवढाच प्रश्न शेतकऱ्यांना विचारून शोधून काढली. तसाच दुसरा उपयोगी शब्द म्हणजे ‘रिठ’. महसुलाच्या दप्तरात ज्या मौजांपुढे रिठ लिहिलेले असते तेथे कधीकाळी वस्ती होती, पुढे रोगराईने, दुष्काळाने वा अन्य कारणाने ती उठली. पटवाऱ्याचा जुना नकाशा आणि गावातील चार म्हातारी माणसे, ही दोन साधने हाती असली म्हणजे अर्धे सर्वेक्षण झालेच म्हणावयाचे.

टेकाड सापडल्यावर लगेच कुदळ मारीत नाहीत. प्रथम पायी फिरून पृष्ठभागावर पडलेली खापरे, मणी, विटा पाहतात, त्यांची जागा नकाशावर टिपतात. मग जागेचे दोरीने सारखे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनास क्रमांक देतात, आणि सरकारी परवाना घेऊनच उत्खननास हात घालतात. उत्खनन हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात ते काम फावड्यापेक्षा खुरपी, लहान कुदळ, ब्रश आणि चाळणी यांचे. माती थराथराने उतरवीत जातात. चराची भिंत ताशीव, सरळ ठेवतात. ती कशासाठी, हे समजले की निम्मे शास्त्र समजले.

त्या भिंतीवर थर दिसतात. मध्ये कोणी उलथापालथ केली नसेल तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा साधा नियम आहे. धान्याच्या कोठीत तळाशी गेल्या सालचे भात आणि वर यंदाचे असावे, तसे. परंतु ‘उलथापालथ नसेल तर’ ही अट महत्त्वाची आहे. मध्येच कोणी धान्याचे पेव खणलेले असते, कोणी विहीर, कोणी भिंतीचा पाया. उंदराचे बीळही पुरते. त्या बिळातून कालपरवाचे नाणे पाच हात खाली जाऊन बसते आणि नवख्या संशोधकाची फजिती करते. म्हणून जाणता उत्खनक वस्तूकडे आधी बघत नाही. ती कोणत्या थरात, कशाशेजारी, किती खोलीवर होती ते बघतो. खापरी, मणी, बाण काहीही असो, त्याचे हे शेजारपाजार त्याच्यापासून तोडले की ती वस्तू मुकी होते. बाजारात विकत घेतलेली प्राचीन मूर्ती आणि जागेवर सापडलेली मूर्ती यांत हाच फरक आहे. पहिली फार तर सुंदर असेल, पण गावाविषयी एक अक्षर बोलत नाही.

याचे फार चांगले उदाहरण आपल्या वैनगंगेच्याच काठी आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी हे गाव सर्वांना माहीत आहे. तेथून वाहत आलेली नदी पुढे ब्रह्मपुरी आणि आरमोरी यांच्यामधून जाते. पवनीस जुना मातीचा तट आणि खंदक आहे. गावाजवळच्या एका टेकडीस जगन्नाथ टेकडी म्हणतात, ते टेकडीवरील जगन्नाथाच्या देवळावरून. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तेथे उत्खनन केले. त्याचे नेतृत्व डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी केले. टेकडीच्या पोटात विटांचा मोठा बौद्ध स्तूप निघाला. तो एका काळात बांधलेला नव्हता. मौर्यकाळाच्या सुमारास वा त्याही आधी त्याची सुरुवात झालेली, आणि पुढे शुंग-सातवाहनांच्या काळात तो वाढवून भोवती दगडी कठडा उभारलेला, हे थरांवरूनच कळले. हरदोलाल टेकडीवर असाच दुसरा स्तूप होता.

स्मरणिका हाती घेणाऱ्या दात्यांना त्या कठड्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे लेख दात्यांचे आहेत: अमक्याचे दान, तमकीचे दान. त्यांत राजेमहाराजेच होते असे नाही. घरगृहस्थ होते, स्त्रियाही होत्या. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी दिली. आज देवळाच्या फरशीवर आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची यादी छापतात त्याचीच ही दोन हजार वर्षांपूर्वीची आवृत्ती होय. त्या कठड्याचा एकेक दगड कोणी पूर्वी घराच्या पायऱ्यांसाठी नेला असेल, तर तितक्या दात्यांची नावे कायमची पुसली गेली.

आणखी एक बाब. वर देऊळ, खाली स्तूप, असे पाहून कोणी भांडणाचे कारण काढील, तर ते शास्त्राच्या मर्यादेबाहेरचे आहे. एकाच उंच, सोयीच्या, नदीकाठच्या जागी निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी आपापले श्रद्धास्थान उभारणे हे सर्व देशांत घडलेले आहे. ज्या थरात जे निघाले ते तसे सांगावे, वरच्या थरासाठी खालचा लपवू नये आणि खालच्यासाठी वरचा उपटू नये. पुरातत्त्वात अप्रामाणिकपणा बहुधा येथूनच शिरतो. आधी निष्कर्ष ठरवून मग खणणारा माणूस हवे ते उचलतो आणि नको ते भरावात टाकतो.

आता खापरांविषयी. सोने वितळते, लोखंड गंजते, लाकूड-कापड कुजते. भाजलेल्या मातीचे तुकडे मात्र हजारो वर्षे तसेच राहतात, आणि फुटके मडके कोणी चोरून नेत नाही. प्रत्येक काळाची कुंभारकामाची तऱ्हा वेगळी असते. आपल्या विदर्भात आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी अशी मडकी सापडली म्हणजे पुष्कळदा संशोधकांचे मन शिळावर्तुळांच्या लोकांकडे जाते. हे लोक सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या मृतांना पुरून त्याभोवती मोठाल्या दगडांचे वर्तुळ मांडीत. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथे अशी शेकडो वर्तुळे आहेत. माहुरझरीस डॉ. देव यांनी १९७०-७२ या काळात उत्खनन केले तेव्हा घोड्यांच्या अस्थी व त्यांचे तांब्याचे साज मिळाले. नैकुंड येथे १९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, म्हणजे लोखंडाचा धंदा विदर्भात किती जुना आहे याचा हातचा पुरावा झाला. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे दगडी छपराच्या, मोठ्या शिळांच्या रचना उभ्या आहेत. आपल्या भागातील शेतांत, जंगलांत एखाद्या ठिकाणी दगड नुसते पडलेले नसून गोल मांडलेले दिसले, तर बांध घालण्यासाठी ते हलविण्यापूर्वी दहादा विचार करावा.

काळ ठरविण्याची प्रयोगशाळेतील रीतही थोडक्यात सांगून टाकू. अमेरिकन शास्त्रज्ञ लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ ची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याबद्दल त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. झाड वा प्राणी जिवंत असतो तोवर त्याच्यात हा किरणोत्सारी कार्बन ठराविक प्रमाणात असतो. मेल्यावर तो घटू लागतो आणि सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. चुलीतला कोळसा, जळके धान्य, हाड यांवरून त्यामुळे वय काढता येते. दगडी मूर्तीचे वय असे निघत नाही, हे लक्षात ठेवावे. म्हणूनच मूर्तीच्या पायाशी असलेली चिमूटभर राख ही मूर्तीइतकीच मोलाची, आणि ती पाण्याने धुऊन टाकली की गेली. कोळशाचा तुकडा हाताने कुरवाळला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला, की तोही दूषित होतो.

मातीचा इतिहास लेखाने जोडला जातो तेव्हा त्याला नावे मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात देवटेक नावाचे लहान गाव आहे. तेथील जुन्या देवळाजवळ एक शिळा होती. ती आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे, ज्यास लोक अजूनही अजब बंगलाच म्हणतात. त्या शिळेवर दोन लेख आहेत. एक अशोकाच्या काळातील, प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई करणारा. दुसरा त्याच्या कितीतरी नंतरचा, वाकाटक राजा रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा. नंतरच्या लेखासाठी आधीच्या लेखाची काही अक्षरे खरवडली गेली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या शिळेचा उलगडा केला आणि लेखातील चिक्कंबुरी म्हणजे देवटेकजवळचे चिकमारा, असे मत मांडले. गावाचे नाव दीड हजार वर्षांनंतर थोड्या फरकाने टिकून राहिले असेल, ही कल्पना मनाला चटका लावून जाते. झाडीपट्टीतील मौजांची नावे बदलण्याचे ठराव करणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा.

ही शिळा टिकली ती तिच्यावर कोणी फार सुधारणा केली नाही म्हणून. सम्राट अशोकाच्या काळची आज्ञा रुद्रसेनाच्या कारागिराने खरवडली. त्यास दगड हवा होता. आजचा कारागीर दगड खरवडत नाही, तो मशिनने वाळूचा मारा करून ‘स्वच्छ’ करतो. फरक एवढाच की रुद्रसेनाच्या माणसाने निम्मी अक्षरे तरी शिल्लक ठेवली.

दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील चम्मकचे. तेथे १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना ताम्रपट निघाले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. चर्मांक म्हणजेच चम्मक. ज्या गावाचे दानपत्र, त्याच गावच्या शेतात ते निघाले. ज्याच्या नांगराला ते लागले त्याने तांब्याच्या मोलाने ते कासारास घातले असते, तर वाकाटकांच्या इतिहासाचे एक मुख्य पान कोणाच्या तरी घागरीत जाऊन बसले असते. असे किती ताम्रपट घागरी झाले असतील हे सांगणे कोणाच्याही हाती नाही.

देवळांकडे वळल्यास आपल्या परिसराचा मुकुटमणी मार्कंडा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते तेथे हा देवालयसमूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम हे १८६१ पासून भारतातील पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जनक. ते १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आले आणि त्यांनी या देवळांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एकाच प्राकारात लहानमोठी सुमारे २४ देवळे जुन्या वर्णनांत नोंदलेली आहेत. त्यांतील कितीतरी आज उभी नाहीत. त्यांचा ठावठिकाणा या जुन्या कागदांवरच राहिला. नोंद कशासाठी ठेवावयाची, याचे याहून सोपे उत्तर नाही.

मार्कंड्याच्या मुख्य देवळावर पूर्वी वीज पडली, शिखराचा भाग मंडपावर कोसळला आणि पुढे गोंड राजवटीत आत जाड खांब व कमानी घालून छप्पर सावरले गेले, असे जुने वृत्तान्त सांगतात. हे खांब मूळच्या नाजूक कोरीव कामापुढे ओबडधोबड दिसतात. एखादा उत्साही माणूस म्हणेल, ते काढून टाका, मूळ रूप आणा. पण गोंड राजवटीने परधर्मीयांच्या आक्रमणाच्या वा गरिबीच्या काळातही हे देऊळ पडू दिले नाही, याची साक्ष तेच ओबडधोबड खांब देतात. जीर्णोद्धाराचाही इतिहास असतो आणि तो मूळ बांधणीइतकाच खरा असतो. तेथेच एका ठिकाणी ‘मगरध्वज जोगी ७००’ अशी अक्षरे कोरलेली आहेत. हेच नाव मध्य भारतातील इतर जुन्या देवळांवरही आढळते. म्हणजे कोणी जोगी आपल्या जमातीसह तीर्थाटन करीत हिंडत होता व जाईल तेथे नाव कोरीत होता. कोरणे चांगले नव्हेच. आज कोणी तसे केल्यास तो गुन्हा आहे. परंतु चुन्याचे वा ऑइलपेंटचे चार हात त्यावर बसले असते, तर हा जोगी कोणास भेटला नसता.

२०१५ नंतरच्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा बसविण्याचे काम हाती घेतले. ते रेंगाळले म्हणून भाविकांत नाराजी पसरली, आणि ती स्वाभाविक होती. तथापि, दगड उतरवून जागच्या जागी बसविणे हे विटांची भिंत रचण्यासारखे काम नाही. प्रत्येक दगडास क्रमांक लागतो, त्याचे चित्र काढावे लागते, चुन्याचे मिश्रण जुन्याशी जुळवावे लागते. सिमेंटने काम झटकन होते. परंतु सिमेंट दगडापेक्षा कठीण असते व ओल कोंडून धरते, त्यामुळे काही वर्षांनी सिमेंट तसेच राहून दगडाचेच पापुद्रे निघू लागतात.

येथे ‘हेमाडपंती’ या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. दगडी देऊळ दिसले की आपण त्यास हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकातला. आपल्याकडील कित्येक दगडी देवळे त्याच्या आधीची आहेत. एका रात्रीत देऊळ बांधले, पांडवांनी बांधले, अशा कथाही गावोगावी ऐकू येतात. अशा कथांना हसू नये. त्या कथा गावाचे त्या जागेवरील प्रेम सांगतात आणि त्या लिहून ठेवण्यासारख्याच आहेत. फक्त स्मरणिकेत कथा ही कथा म्हणून छापावी, आणि काळ हा शैली, लेख व थर यांवरून ठरलेला असेल तेवढाच छापावा. इंग्रजी सालाचा आकडा दगडावर कोरून बसविला की पुढची पिढी तोच पुरावा समजते.

आता जे सर्वांत कडू आहे ते. झाडीत गुप्तधनाचे वेड अजून गेलेले नाही. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आहे, त्यामुळे आरमोरी परगण्यात दौलतीच्या गोष्टींना आधीच तोटा नाही. भंडारेश्वरासारख्या जुन्या देवळांभोवती, गडाच्या बुरुजांत, पडक्या समाध्यांत धन आहे असे कोणी भोंदू सांगतो आणि अमावास्येला कुदळी चालतात. नंदीचे पोट फोडतात, पिंडीखाली खणतात. मिळत काहीच नाही, कारण देवळे बांधणाऱ्यांनी आपली संपत्ती दगडातच घातलेली होती. जाते मात्र सर्व काही. यात माणसाचा बळी देण्यापर्यंत मजल गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात घडली, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करताना अशा अघोरी प्रकारांचाही त्यात समावेश करावा लागला.

कायदा काय सांगतो तेही माहीत असावे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडल्यास तिची खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. खबर देणाऱ्याचा हक्क त्या कायद्याने बुडत नाही, लपविणाऱ्याचा बुडतो. १९५८ च्या कायद्याने संरक्षित ठरलेल्या स्मारकास परवानगीवाचून हात लावता येत नाही, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम मना आहे. देवळासमोर निळा सरकारी फलक असेल तर सभामंडपाचा नारळ फोडण्यापूर्वी अर्ज करावा. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेण्यास खाजगी व्यक्तीस बंदी आहे. मूर्तिचोर नेमकी ती मूर्ती उचलतो जिचे छायाचित्र कोणाजवळ नसते. छायाचित्र असल्यास परदेशातूनही मूर्ती परत आल्याची उदाहरणे आहेत; नसल्यास ती आपली होती हेच सिद्ध करता येत नाही.

कायद्यात न बसणारी एक गोष्ट आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया बांधवांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची रीत आजही पाळली जाते. बाहेरून आलेला माणूस त्या दगडांना ‘अवशेष’ समजून मोजमाप करू लागतो, क्वचित एखादा उचलूनही नेतो. ते अवशेष नव्हेत, कोणाचे तरी आजोबा आहेत. जे जिवंत लोकांचे आहे ते त्यांना विचारल्याशिवाय खणू नये, हलवू नये, त्यांनी नको म्हटल्यास छायाचित्रही घेऊ नये. गावदेवाच्या राईला, स्मशानाला, पेनठाण्याला हाच नियम लागू. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिळावर्तुळातल्या अस्थींना विचारता येत नाही म्हणून त्यांच्याशी कसेही वागावे, असाही अर्थ त्यातून निघत नाही.

उत्खनन केलेली जागा पुन्हा खणता येत नाही. पुस्तक वाचून मिटता येते, थर वाचताना फाटतो. त्यामुळे चांगले उत्खनक टेकाडाचा काही भाग मुद्दाम न खणता ठेवतात. उद्याच्या माणसाजवळ आजच्यापेक्षा चांगली साधने असतील. आणि खणल्यानंतर अहवाल प्रसिद्ध न करणे ही या क्षेत्रात चोरीच्या बरोबरीची गोष्ट मानतात. देवळाच्या पायाचा चर हेही छोटेसे उत्खननच आहे, फरक इतकाच की तेथे अहवाल लिहिणारे कोणी नसते.

ही उणीव जीर्णोद्धार समितीस फारशा खर्चावाचून भरून काढता येईल. काम सुरू होण्यापूर्वी देवळाची चारही बाजूंनी, आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. शेजारी एक मीटरची पट्टी ठेवली म्हणजे आकार कळतो. उतरविलेल्या कोरीव दगडावर खडूने क्रमांक घालावा व तोच क्रमांक वहीत, कोठून उतरविला त्यासह लिहावा. चरात काही दिसल्यास त्या दिवशीचे काम तेथे थांबवून दुसऱ्या टोकास मजूर लावावेत, वस्तू जागेवरच असू द्यावी, आणि तहसीलदारास व नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयास कळवावे. खंडित मूर्ती पूजेतून काढल्या तरी नदीत न सोडता देवळाच्या आवारात ओट्यावर छपराखाली मांडाव्यात. शेंदराचे जुने लेप घाईने घासून काढू नयेत. गावातील शिक्षक व शाळेची मोठी मुले वही भरण्याचे काम आनंदाने करतात. वही दोन प्रतींत असावी. एक देवस्थानच्या कपाटात, दुसरी ग्रामपंचायतीत, आणि दोन्हींवर काम चालू असताना दर आठवड्यास समितीच्या एका सदस्याची व मिस्त्रीची सही.